स्थानिक नाव

तक्त्यात सातवा रकाना : स्थानिक नाव.
कागद न भिजणारा, पेन्सिल दोऱ्याने गळ्यात,
आणि मी चुलबंदच्या पाण्यात कमरेपर्यंत
प्लास्टिकच्या पाइपाची मीटरभर चौकट धरून उभी.
रोजी साडेतीनशे, डबा घरचा.

सरांकडे तिचं दोन शब्दांचं नाव आहे,
धोक्यातल्या जिवांच्या यादीतलं.
पहिला शब्द त्यांनाही एका दमात येत नाही.
ढिवरटोलीत दारोदार विचारून झालं.
शिपी, म्हणाले सगळे. शिपी म्हणजे शिपी, अजून का?
मग मी इंद्रकला मावशीला घेऊन आले.

मावशीने लुगडं खोचलं, चष्मा काठावरच्या दगडावर ठेवला.
"आता चष्मा कायले? पायाले डोरे असतेत."
आणि निघाली, टाच न उचलता,
अंधारात निजलेल्या पोरांमधून वाट काढावी तशी.
अंगठा थांबला.
वाकली. एक कान पाण्यात, एक बाहेर.
आणि काढली :
शेवाळी, पाठीवर झिजून पांढरी पडलेली,
तोंड गच्च मिटलेली.
"मोठी असते थे शिपी. हे सुपली.
पानी पाखडते थे."

सर लिहीपर्यंत मावशी पुढे गेली होती.

खोटं कशाला बोलू, पोत्यानं काढल्यात आम्ही.
उन्हाळ्यात कालवण केलं,
पाठ घासून भोक पाडलं, कैऱ्या सोलल्या,
माझ्या आईला पहिली घुटी सुपलीनंच पाजली म्हणतात.
उरलेल्या भट्टीत गेल्या, चुना झाला,
पानाला लावून तोही खाल्ला.
तरी त्या होत्या.

सर बिस्किटाचा पुडा फोडत सांगतात :
पिल्लू मोहरीहूनही बारीक.
जन्मल्याबरोबर एकच काम, मासा गाठायचा.
त्याच्या कल्ल्याला चिमटा काढून बसायचं,
दोन-तीन आठवडे, फुकटात,
आणि तो नेईल तिथल्या वाळूत उतरायचं.
तेच मग गाव.
मासाही कुठलाही चालत नाही.
तळ्यातून सुटलेली तिलापी आहे ढीगभर,
तिच्या कल्ल्यात हे पिल्लू टिकत नाही.
जो चालायचा, तो बंधाऱ्याच्या खालीच अडला.
उतरायची वाळू होती,
ती रात्रीच्या ट्रॅक्टरांनी गेली, दिवे विझवून.
(कोणाच्या, ते सरांनी विचारलं नाही. मीही नाही सांगितलं.)

दिवस कलेपर्यंत अकरा सापडल्या.
कवचावरच्या रेघा मोजल्या, एका वर्षाची एक.
सगळ्यात तरणी एकवीस वर्षांची.
म्हणजे माझ्या धाकट्या भावाएवढी.
तो रोज पहाटे याच काठाने धावतो,
पोलीस भरतीचं तिसरं वर्ष.
त्याच्यानंतर नदीत कोणी जन्मलंच नाही.
सरांनी वहीत लिहिलं : नवी भरती, निरंक.
मला हसू आलं, मग नाही आलं.

पाठीवर एवढासा आकडा चिकटवून
परत सोडायच्या होत्या.
सर एकेक खाली टाकू लागले तशी मावशी ओरडली,
"अशी फेकू नको ना! उभी रोव!"
आणि स्वतःच रोवत गेली,
रोवण्यात धानाचं रोप रोवतात तशी,
अंगठ्याने माती दाबून, मागे सरकत सरकत,
एक ते अकरा.
बांधीभर रोवल्यासारखी कंबर धरून उभी राहिली.

सर चौकट घेऊन काठावर गेले.
चष्मा तिथेच दगडावर चमकत होता.
मावशी निघेना, म्हणून मीही थांबले.
पाणी हळूहळू निवळलं.
घोट्याला काहीतरी लागून गेलं,
मासाच असेल.
कोणता, ते पायाला कळलं नाही.
आम्ही दोघी हललो नाही बराच वेळ.